पत्र्यावरचे भोपळे

८ जून, रविवार

आज मागची जागा साफ करायला घेतली. न्हाणीपासून कुंपणापर्यंत. निघालं काय, तर गुटख्याच्या पुड्या, फुटकी बादली, कुणाची तरी एकच चप्पल आणि उंदरांचं अख्खं गाव. ओकारी आली. तोंडाला पदर बांधून सात घमेली घाण उपसली.

मोबाईलवर रोज कुणीतरी सांगतंय, सहा महिन्यांचं भरून ठेवा, युद्ध होणार, डिझेल बंद, ट्रक बंद, भाजी बघायला मिळणार नाही. सांगणाऱ्याच्या मागं भिंतीवर एसी. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण लॉकडाऊनमधलं माझं मला आठवतं, त्याला मोबाईल लागत नाही. धाकटे दीर दत्ता भाऊजी यांच्या मळ्यात तेव्हा वांगी लगडली होती आणि आमच्या घरी भाकरी-मिरची. पिशवी घेऊन गेले. जाऊबाईंनी दारातच पिशवी घेतली, किडकी वांगी भरून दिली. "निवडून घ्या." तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "रोज रोज कावून येता अक्का, लोकं बगत्यात."

त्या दिवशी ठरवलं, परत कुणापुढं पिशवी धरायची नाही. ठरवून पाच वर्षं झाली, हाताला आता मुहूर्त लागला.

आत्याबाई ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "सून म्हातारपनी येडी झाली." त्यांचं वय ऐंशी, माझं त्रेपन्न. म्हातारपण कुणाचं, ते विचारलं नाही.

११ जून, बुधवार

शबानानं बी आणून दिलं. आमच्या अंगणवाडीची मदतनीस, माझ्यापेक्षा शहाणी. मेथी, भेंडी, दोडका, वांगी, भोपळा. राखेत घोळवून, फडक्याच्या पुरचुंड्या बांधून. पैसे घेईना.

वाफे करत होते तर रस्त्यावर दत्ता भाऊजींची जीप थांबली. (यापुढे द. एवढंच लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.) काच खाली. "वैनी, कावून एवडा तरास? भाजी पायजे तर सांगायचं, मळा आपलाच हाय की." आपलाच. वर तिथंच पचकन थुंकून गेले.

२२ जून, रविवार

जीवामृत करायचं तर पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून आठ दिवस ठेवायचं, असं वाचलं होतं. ठेवलं. आज झाकण काढलं. तो वास लिहून दाखवता येत नाही. वर फेस, फेसात अळ्या. काठीनं ढवळताना एक थेंब ओठावर उडाला. तीनदा चूळ भरली, दुपारची भाकरी तशीच झाकून ठेवली.

आत्याबाई : "गूळ कडू झालाय का, मातीत घालायलीस?"

शेजारच्या बाई नाकाला पदर लावून दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा नुसत्याच बघून गेल्या.

१३ जुलै, रविवार

सगळं उगवलं. भोपळ्याचा वेल तर सुटलाच. आत्याबाईंनी स्वतः सुतळी बांधून तो न्हाणीच्या पत्र्यावर चढवला. खाली राहिला तर मऊ पडतो म्हणे. परवापर्यंत मला येडी म्हणणारी बाई आता सकाळी माझ्या आधी मागं असते. कळी लागली तर मला दाखवतात, पण हनुवटीनं. बोट दाखवलं की फळ सडतं. मीही हनुवटीनंच बघते आता. हसू येतं.

तोंडात दात नाहीत एक. भोपळ्याची भाजी म्हणजे त्यांचा जीव.

२ ऑगस्ट, शनिवार

गोगलगायी. रात्रीतून मेथीचा अर्धा वाफा साफ. चिमट्यानं वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या, शंभरावर. मिठात पडल्या की फेस सोडतात आणि आकसतात. हात तीनदा साबणानं धुतले तरी बोटं चिकटच. कणीक मळताना शहारा आला.

तेवढ्यात शबानानं मोबाईल दाखवला. द. चं स्टेटस. माझ्याच वेलापुढं उभे, पांढरे कपडे, हात कमरेवर. खाली लिहिलंय, आमची सेंद्रिय परसबाग, संकटासाठी सज्ज. मी अंगणवाडीत असताना येऊन फोटो काढून गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

२४ ऑगस्ट, रविवार

आज जेवणात काही म्हणजे काही विकतचं नव्हतं, तेल-मीठ सोडून. भेंडी घरची, मिरची घरची, मेथी घरची. ज्वारी वर्षाची भरलेली आहेच. अमोलला फोटो पाठवला. चाकणला कंपनीत बारा तास उभा असतो पोरगा, त्यानं उत्तरात नुसता अंगठा पाठवला.

तरी बरं वाटलं. चक्क बरं वाटलं. लिहून ठेवते, असं फार लिहायला मिळत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज सहावा दिवस. थांबतच नाही. वांग्यांची मुळं सडली, भेंडी आडवी, दोडक्याचा मांडव चिखलात. मागचं दार उघडलं की कुजका वास घरात शिरतो. तीन महिने गोमूत्रात हात घातले, ते याच्यासाठी.

२४ सप्टेंबर, बुधवार

केजकडचा रस्ता बंद, पुलावरून पाणी. बाजार भरलाच नाही. गावात चार दिवस सगळ्यांच्या घरी पिठलं. दुकानात बटाटा नाही, कांद्याला कोंब. युद्धाची वाट बघत बसले होते, पावसानंच करून दाखवलं.

आमच्या परसात उभं काय राहिलं, तर न्हाणीच्या पाण्यावरचं आळू आणि पत्र्यावरचा वेल. पत्रा उंच, म्हणून वाचला. शिडी लावून बघितलं. नऊ भोपळे. पक्के, नखानं टोकरलं तर ओरखडा उठत नाही. माघातही टिकतील. आत्याबाईंना खाली येऊन सांगितलं तर त्यांनी पत्र्याकडं बघून हातच जोडले.

२८ सप्टेंबर, रविवार

नऊही उतरवले, आठ माळ्यावर कडब्याच्या पेंढ्यांवर मांडले. एक खाली ठेवला, आजचा. विळी काढली, पण विळीवर अख्खा भोपळा बसत नाही, म्हणून मोठी सुरी घेतली.

आत्याबाई म्हणाल्या, "थांब. बाईनं अख्खा फोडायचा नसतोय. आदी बाप्याची सुरी लागू दे."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडं सगळ्या बायकांना माहीत असतं. भोपळा म्हणजे घरातला थोरला पोरगा, बाईनं सुरी घातली की ती पोरावर जाते. पण अमोलचे बाबा होते तोवर ते चीर देऊन जायचे, मग अमोल द्यायचा, आणि अमोल चाकणला गेल्यापासून रफिकच्या गाड्यावरून कापलेली फोड आणते. शबानाचा नवरा तो, स्टँडवर फळं विकतो. फोड आणली की विषयच निघत नाही. म्हणून लावताना डोक्यातच आलं नाही. नऊ भोपळे पिकवले, आणि घरात दोन बायका.

म्हटलं, "असलं काही नसतं."

"मग लाव सुरी."

लावली. आणि अमोल दिसला. मोटारसायकलवर, हेल्मेट हँडलला अडकवून, जसा तो नेहमी जातो. सुरी बाजूला ठेवली.

स्वतःची किळस आली. सव्वीस वर्षं बायकांना सांगतेय, लेकराच्या पोटाला बिब्बा लावू नका, ताप आला तर दवाखान्यात जा, अंगाऱ्यानं काही होत नाही. सांगताना आवाज चढतो माझा. आणि एका भोपळ्यापुढं सुरी खाली ठेवली.

संध्याकाळी आत्याबाईंनी शेजारच्या पोराकडून द. ला निरोप पाठवला. मी नको म्हटलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

द. आले. तिसऱ्या दिवशी. आधी खुर्ची, मग चहा. भोपळा हातात घेऊन वजन बघितलं. फोडायला अर्धं मिनिट. तेवढ्यात तोंडातलं भरलं म्हणून न्हाणीकडं वळून आळवावर पिचकारी. हिरव्या पानांवरून लाल ओघळ. त्याच बोटांनी फोड उचलली. "अर्दा मी नेतो वैनी. मळ्यातलं समदं वाहून गेलं, घरात भाजी न्हाई."

भाजी नाही. पिशवी सुद्धा माझीच नेली.

आत्याबाई भाजी भाकरीत कुस्करून जेवल्या, दोनदा मागून. मी आळू मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा भोपळा. या वेळी दोन पांढरे कपडेवाले बरोबर. त्यांना मागं नेऊन सगळं दाखवलं, इथं वेल होता, इथं आपण जीवामृत केलं. आपण. मी चहा गाळत होते. मग माळ्याकडं मान वर. "वैनी, अजून किती हायत? सांगत जावा, मी येऊन फोडून देत जाईन. तुमाला दुसरं कोन हाय?"

दाढेतलं काहीतरी बोटानं काढलं, बोट माझ्या भोपळ्याला पुसलं. अर्धा घेऊन गेले.

तेव्हा कळलं की मी काय करून बसलेय. पिशवी धरायची नाही म्हणून घाम गाळला आणि असलं पीक काढलं की दर भोपळ्याला याच माणसाची पायरी चढावी. फरक एवढाच, आता तो माझी पायरी चढतो आणि चहा पण पितो.

आत्याबाईंना सांगितलं, हा माणूस परत या घरात सुरी धरणार नाही. त्या म्हणाल्या, "लेक हाय माजा." म्हटलं, "आहे तर असू दे."

माळ्यावर सात.

१२ ऑक्टोबर, रविवार

शबाना म्हणाली, "मॅडम, आमच्यात असलं काय न्हाई. म्या फोडून देते, न्हाईतर हे येतील. दिवसभर तेच करत्यात."

आत्याबाई : "तू बाईच हायस न्हवं." बरं, रफिक? तर घरचाच माणूस लागतो. शबाना हसत गेली. मला हसू आलं नाही. दिवाळीला अमोल येतोय, आठ दिवसांचा प्रश्न आहे. सातही त्याच्याकडून चिरून घेईन, फोडी उन्हात वाळवीन. शबाना सांगते, वाळवलेल्या फोडी चार महिने टिकतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

अमोल येत नाही. सुट्टी रद्द, जास्तीचं काम, दुप्पट पगार. "आई, पुढच्या महिन्यात नक्की." भोपळ्याचं सांगितलं तर म्हणाला, "कापा ना मग. मला काय होतंय." मागं मशीनचा आवाज. म्हटलं, हेल्मेट डोक्याला घालत जा. म्हणाला, घालतो. खोटं बोलतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

घरात कालपासून वास. आधी वाटलं उंदीर मेला. माळ्यावर चढले तर एक भोपळा देठाकडून बसलेला, उचलायला गेले तर हात आत गेला. मनगटापर्यंत. कोमट. खालच्या ज्वारीच्या पोत्यावर पाणी उतरलेलं. मी शिडीवरच ओकले.

माळा धुतला, पोतं वाळत घातलं. सहा राहिले. दुसऱ्या एकाच्या देठाशी काळा डाग दिसतोय.

आत्याबाईंचं खाणं तुटलंय. वरण नको, दूध नको, बटाटा पोटात फुगतो. चोळीच्या बाह्या दंडावर लोंबतात. आज म्हणाल्या, "दत्ताला बलीव गं. एकडाव बलीव." मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "आधी तुमच्या लेकाचे हात धुऊन आणा."

त्या जेवल्या नाहीत. मीही नाही. सहा भोपळे माळ्यावर, आणि खाली दोघी उपाशी. काय तयारी म्हणावी संकटाची.

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी काळ्या डागाचा भोपळा खाली आणला. सांगून टाकलं, आज मी शबानाला बोलावतेय, बाई तर बाई. असल्या खुळचट गोष्टींनी अन्न सडवायचं नाही मला. आणखीही बोलले. की तुम्हाला भोपळ्याचं काही नाही, तुम्हाला त्या निमित्तानं दत्ताला घरात आणायचंय.

त्या ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्या कापला होता."

कधी, विचारलं.

"तो आजारी व्हता तवा."

अमोलचे बाबा. तापाचा चौथा दिवस. मी तेव्हा सकाळी सातला घरोघर ताप मोजत हिंडायचे, कोरोनाची ड्यूटी होती, आणि अमोलला लागण नको म्हणून माझ्या माहेरी ठेवलेला. घरात काही नव्हतं. कुणीतरी कुंपणावरून एक भोपळा ठेवून गेलं होतं. ते उठून बसू शकत नव्हते. आत्याबाईंनी दत्ताला हाक मारली, तर तो रस्त्यापलीकडंच उभा राहिला. "लांबूनच म्हनला, आई, मी येत न्हाई, माजी लेकरं हायत. म्हनलं, नुसती सुरी लाव अन जा. न्हाई आला. मग म्या लावली. लेक उपाशी व्हता."

मी घरी आले तेव्हा भाजी तयार होती. मी जेवले. चांगली झालीय म्हटलेलं आठवतं. कुणी चिरला ते विचारलं नाही. अकराव्या दिवशी त्यांना अंबाजोगाईला नेताना गाडीतच संपलं.

म्हटलं, आत्याबाई, ते तापानं गेले. गावातले किती गेले त्या महिन्यात, त्यांच्या घरी काय भोपळे फोडले होते? त्या मान हलवत राहिल्या. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

शबानाला बोलावलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस लिहिलं नाही. अंगणवाडीत जाते, येते. त्यांच्याकडं बघवत नाही. इतकी वर्षं ही बाई ते पोटात घेऊन माझ्याशेजारी झोपते आणि मी तिला सासूचा तोरा समजत होते.

द. चा मात्र इतका संताप आलाय की जीपचा आवाज आला तरी मी दार लावून घेते. तेव्हा रस्त्यापलीकडून हलला नाही. आता बोलवा म्हणतो, येऊन फोडून देतो.

भोपळ्यावरचा डाग वाढलाय. उद्यापर्यंत जाईल तो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगणवाडीतून आले तर आत्याबाई भोपळा पुढ्यात घेऊन बसलेल्या. "सुरी दे."

म्हटलं, मी कापते. खरंच कापणार होते. ठरवूनच आले होते आज, अमोल डोळ्यापुढं आला तरी थांबायचं नाही.

"तू हात लावू नगं. तुजा अमोल हाय. माजा गेलाच हाय, मला आता काय भ्या?"

सुरी बोथट होती. मी पायरीच्या दगडावर धार लावली, पाणी मारून, नीट. आणि हातात देताना सुचलं. दत्ताही त्यांच्याच पोटचा, आता थोरला तोच.

विसरल्या असतील. ऐंशी वर्षं वय, चार दिवस पोटात अन्न नाही. की विसरल्या नाहीत. त्यांच्या तोंडाकडं बघितलं तर त्या भोपळ्यावरची धूळ पदरानं पुसत होत्या. एक शब्द बोलायचा होता. 'आत्याबाई, दत्ता भाऊजी' एवढाच. मी बोलले नाही. पुन्हा एकदा मी काही विचारलं नाही.

त्यांनी देठाच्या बाजूनं सुरी घातली आणि दोन्ही हातांनी दाबली. काडीएवढे दंड, पण फुटला. काळा भाग कापून टाकला, बाकी आत केशरी, घट्ट. भाजी केली. दोघी पोटभर जेवलो. चव चांगली होती, हे लिहायची लाज वाटते.

८ नोव्हेंबर, शनिवार

द. ची जीप रोज साडेनऊला या रस्त्यानं जाते. मी नऊपासून दारात. अंगणवाडीला उशीर होतोय, शबानाचा दोनदा फोन आला, म्हटलं, येतेच. असलं काही नसतं हे मला माहीत आहे. सव्वीस वर्षं मीच सांगतेय. त्या माणसाची मला किळस आहे, ती आजही तेवढीच आहे. तरी रस्त्यावरून नजर हलत नाही, आणि जीप दिसावी म्हणून बघतेय की दिसू नये म्हणून, ते इथं लिहीत नाही.

साडेदहा. नाही.

आत्याबाई ओट्यावर भोपळ्याच्या बिया राखेत घोळवत बसल्यात. रोज त्यांचं तोंड परसाकडं असतं. आज रस्त्याकडं आहे. मघाशी विचारलं, "दत्ताची गाडी दिसली का गं?"

नाही म्हटलं.

"उबी कावून? बस हितं," म्हणाल्या आणि बियांचं सूप सरकवून जागा केली. बसले.